वाळू वाळत घालताना

कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर मी "बाइंडिंग" एवढंच सांगते. ते खोटं नाही. जालन्यातल्या मस्तगडच्या दुकानात मी लग्नानंतर लागले, तेव्हापासून सुई, दोरा, खळ आणि कागद यांतच आहे. पण सगळं सांगायचं तर असं सांगावं लागेल की मी वाळवंटाची पुस्तकं करते. उन्हात छापते, पाण्यात धुते, दोरीवर वाळत घालते आणि शिवते. एवढं बोलायला मला जमत नाही. समोरचा माणूस पुढचं काही विचारील, याचीच धास्ती वाटते. म्हणून लिहून ठेवते आहे. दुपारी कागद वाळेपर्यंत हाताला काम नसतं, तेव्हा गच्चीच्या दारात सावलीला बसून लिहिते. या पुस्तकांचे फोटो काढणाऱ्या मेधाताई म्हणतात, दिवाळी अंकाला पाठवू. मी म्हटलं, आधी लिहून तर होऊ द्या. चौथीपर्यंत शिकले आहे, ऱ्हस्व-दीर्घाचं काही सांगता येत नाही.

दुकान काकांचं. नात्याने ते माझे कुणी नाहीत, पण सगळं मस्तगड त्यांना काका म्हणतं. आमच्याकडे पूर्वी लाल कापडाच्या बह्या व्हायच्या. व्यापारी लोक लक्ष्मीपूजनाला पुजतात ती बही. लांबट, मऊ पुठ्ठ्याची, मधोमध पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली, आणि पान उलटताना ते बाजूला न जाता वरच्या अंगाला जातं. दसरा झाला की आम्हाला मान वर करायला फुरसत नसे. मग हिशेब कॉम्प्युटरवर गेले. आता प्रत्येक पेढीवाला पूजेपुरती एक बही नेतो, तीही लहानात लहान. दुकानात आम्ही ज्या बायका होतो त्यांतली मी एकटी उरले. मी उरले, कारण दुसरीकडे जाऊन काम मागायला तोंड उघडावं लागलं असतं.

अशा वेळी मेधाताई आल्या. त्या मूळच्या जालन्याच्याच, बाहेर चित्रकला शिकून वडिलांच्या घरी परत आल्या होत्या. टांगलेली एक बही त्यांनी हातात घेतली, वर-खाली उघडून पाहिली आणि विचारलं, "ही शिलाई कोण करतं?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. मी भिंतीकडे तोंड करून दोरा ओवत बसले.

"मला अशाच हव्यात काका, पण आत हिशेब नाही. फोटो असतील."

"फोटोला अल्बम भेटतो की बाजारात," काका म्हणाले. "प्लास्टिकचा घ्या. पाण्यानं बी खराब होत न्हाई."

"मला पाण्यानेच तयार होणारा पाहिजे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेली माणसं कधी कधी असं बोलतात, अशा अर्थाचं ते पाहणं होतं.

पण ताईंचं म्हणणं शब्दशः खरं होतं. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लोखंडाचे दोन क्षार असतात, एक हिरवट आणि एक लाल. ते वेगवेगळे पाण्यात विरघळवायचे आणि अंधाऱ्या खोलीत एकत्र करून ब्रशने कागदावर ओढायचे. कागद पोपटी-पिवळा होतो, कच्च्या कैरीसारखा. अंधारातच वाळवायचा. त्यावर फोटोची उलटी काच किंवा पारदर्शक प्लास्टिक ठेवायचं, ज्यात काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं असतं. वर साधी काच, बाजूंना चिमटे, आणि उन्हात न्यायचं. ऊन जिथून आत शिरतं तिथला कागद करडा पडत जातो. या वेळी पाहिलं तर वाटतं काम बिघडलं. राखुंडी फासल्यासारखं दिसतं. मग कागद पाण्यात सोडायचा. पिवळं वाहून जातं. आणि निळं वर येतं.

ताई म्हणाल्या, ही पद्धत कॅमेरा नवा नवा निघाला त्या काळातली आहे. काकांना ती ओळखीची निघाली. "हे तर बांधकाम खात्याचे निळे नकाशे," ते म्हणाले. "आमच्या तरुणपणी असेच यायचे." तेवढ्या ओळखीवर त्यांनी गच्ची वापरायला दिली.

पहिला कागद ताईंनी माझ्याच हाताने पाण्यात सोडायला लावला. मी ट्रे हळूहळू हलवत होते. आधी काहीच नव्हतं, मग पाण्याखाली एक रेघ आली, तिच्याजवळ दुसरी, मग अशा कितीतरी. वाकलेल्या, एकमेकींना धरून चाललेल्या. कुणी काढत नव्हतं आणि चित्र उगवत होतं. माझ्या अंगावर काटा आला. आजही येतो. इतकी वर्षं मी भाकरी फुगताना पाहते, तिचं काही वाटत नाही. पण कागद पाण्यात गेला की श्वास आपोआप धरला जातो.

ती वाळू होती. नजर जाईल तिथपर्यंत वाळू, वाऱ्याने वळ्या पाडलेली. मी खूप वेळ पाहत राहिले आणि मग वाळू पाहून कुणीही विचारील तेच विचारलं.

"ताई, नदी कुठाय?"

ताई हसल्या. "नदी नाही तिथे."

"आटली का?"

"नव्हतीच कधी."

"मंग एवढी वाळू आणली कोणी?"

"वाऱ्याने," ताई म्हणाल्या, आणि हसायच्या थांबल्या. त्यांनाही तो कागद पुन्हा एकदा बघावासा वाटला असावा, कारण आम्ही दोघी ट्रेवर वाकून बराच वेळ तशाच उभ्या होतो.

माझं माहेर अंबडच्या पुढे, अंकुशनगरवरून खाली उतरलं की गोदावरीच्या काठाला. आमच्याकडे वाळू म्हणजे नदीने मागे ठेवलेली वस्तू. पूर येतो, ओसरतो आणि वाळू ठेवून जातो. लहानपणी आम्ही वाळूत पाय घातला की खाली ओल लागायचीच. नदीशिवाय वाळू म्हणजे आईशिवाय लेकरू, असं मला त्या दिवशी वाटलं. घरी गेल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जग मोठं हाय बाई, तू कणीक मळ."

असं ते काम लागलं, आणि मी त्यात रमले. ताई हिवाळ्यात वाळवंटात जायच्या, फोटो घेऊन यायच्या; उन्हाळाभर आम्ही छापायचो. जालन्याच्या उन्हाला लोक नावं ठेवतात. मी ठेवत नाही. आमच्या गच्चीवरचं ऊन मार्चपासून असं पडतं की कागद काचेखाली गेला न गेला तोच रंग धरतो. तिकडची वाळू आणि इकडचं ऊन. दुपारी दोरीवर कागद टांगले की गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळवंट हलायला लागतं. शेजारची सून एकदा कपडे काढायला आली आणि म्हणाली, "मावशी, काय वाळत घातलं?" मी म्हटलं, "वाळू." तिला वाटलं मी चेष्टा केली.

अडचण उन्हाची नव्हती, पाण्याची होती. भाताच्या शेताच्या चित्राला जितकं पाणी लागतं तितकंच वाळवंटाच्या चित्रालाही लागतं, पण मनाला ते पटत नाही. आमच्याकडे नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं. बोअरचं पाणी जड. त्यात धुतलं की निळं उडतं. एकदा आख्खा दिवसभराचा माल असा फिका पडला, जणू उन्हाने नव्हे तर चांदण्याने छापला होता. तेव्हापासून नळाचंच पाणी, त्यात चिमूटभर लिंबूसत्व. पाणी आलं की बायका हंडे भरायच्या आणि मी पिंप भरायची. खालून आवाज यायचा, "प्यायला न्हाई अन् ह्या फोटो धुऊन राह्यल्या."  मी एक युक्ती केली. चार ट्रे ओळीने लावले. शेवटच्यातलं स्वच्छ पाणी आधीच्यात, त्यातलं त्याच्या आधीच्यात. अगदी पिवळं झालं की मगच ओतायचं. आवाज तरी चालूच राहिला.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. आमची पुस्तकं थोडीच होतात, हाताने होतात, आणि घेणारे बहुतेक दूरचे असतात. पण दुकानात कुणी ना कुणी डोकावतं. एका बिल्डरने आपल्या बंगल्याचा निळा फोटो करून मागितला आणि शेजारचं घर काढून टाका म्हणाला. एकाने पुस्तक घेतलं, कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी लॅमिनेशन करायला परत आणलं. एक मास्तर सगळी पानं उलटून शेवटी म्हणाले, "छान आहे, पण यात लिहिलंय कुठं?"

काका चष्म्यावरून म्हणाले, "लिहिलेलं न्हाई सर. ऊन पडलेलं हाय, ते बघा."

काका असं बोलायला लागले म्हणजे त्यांनाही काम आवडायला लागलं होतं. तोंडाने ते कबूल करत नसत.

आता ज्या पुस्तकासाठी हे सगळं लिहायला बसले, त्याचं सांगते.

एक शेठजी दरवर्षी पूजेची बही आमच्याकडून नेतात. मारवाडी घर, पिढ्यान् पिढ्या जालन्यात. मराठी आपल्यासारखंच बोलतात. त्या वर्षी ते आले तेव्हा उन्हाळ्यातल्या छपाईचे काही कागद दुकानातच दोरीवर टांगलेले होते. त्यांनी एका कागदासमोर उभं राहून विचारलं, "ही कुठली जागा?" ताईंनी सांगितलं. शेठजी कागदाच्या आणखी जवळ गेले. मग म्हणाले, "माझ्या आईचं पीहर तिकडंच." पीहर म्हणजे माहेर. त्यांच्या आई लहानपणीच लग्न होऊन इकडे आल्या, नंतर माहेरची सगळी माणसं पांगली आणि त्या पुन्हा कधी गेल्याच नाहीत. आता गुडघे चालत नाहीत. आणि काचबिंदू आहे. एक डोळा गेला, दुसऱ्याची नजर कडेकडेने विझत आत सरकते आहे. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की उरलेलीही राहणार नाही.

"एकदा माहेर बघायचंय म्हणते," शेठजी म्हणाले. "मोबाइलवर दाखवलं. चकाकतं म्हणते, डोळ्याला टोचतं. कागद चकाकत न्हाई ना?"

"नाही," ताई म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात ताई त्या गावी जाऊन आल्या. आम्ही एक लांबलचक घडीचं पुस्तक केलं, उलगडलं की खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाईल असं. गावाबाहेरचं सगळं माळरान त्यात एकसलग होतं. मी आयुष्यात केलेलं सर्वांत सुंदर काम. एक टोक धरायला माणूस हवं म्हणून ताई मला सोबत घेऊन गेल्या.

शेठजींच्या घरी माजी, म्हणजे त्यांच्या आई, खिडकीशी बसल्या होत्या. लहानखुऱ्या, हातात लाखेच्या बांगड्या, डोक्यावरचा पदर थेट कपाळापर्यंत. आम्ही पुस्तक उलगडलं. त्यांना जवळ आणून बसवलं. त्यांनी मान हळूहळू फिरवली, सुईत दोरा ओवताना आपण करतो तशी. सगळे वाट पाहत होते.

"हे तर पाणी हाय," माजी म्हणाल्या.

"माँ, रेत आहे ती," शेठजी म्हणाले. "तुझ्या गावची."

"मला रेत नको सांगू बेटा. रेत मी भाकरीसंगट खाल्लीय. हे पाणी हाय. लाटा बी दिसून राह्यल्या."

ताईंनी समजावलं, की या पद्धतीत रंग निळाच येतो. माजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या पीहरात एवढं पाणी असतं, तर माझ्या बापानं मला एवढ्या लांब दिली असती का?"

सून पदरात हसली. ताईंचा चेहरा उतरला होता. माझ्या हातातलं टोक तसंच होतं, ते खाली ठेवावं की धरून राहावं ते कळेना.

"अन् एवढं लांबडं कशाला केलं?" माजी म्हणाल्या. "इकडं ये ग तू. काय नाव?"

"सुमन."

त्यांनी एक बांगडी काढली आणि माझ्या डोळ्यासमोर धरली. "यातून बघ. बाकी सगळं काळं हाय असं धर. काय दिसतं?"

मी बांगडी हातात घेऊन एक डोळा मिटून पाहिलं. बांगडीत शेठजींचा कान आला.

"कान," मी म्हटलं.

"मला असंच दिसतं. कान दिसतो. मंग माणूस कोण ते आठवावं लागतं."

 बांगडी माझ्याच हातात राहिली होती. माजींनी विचारलं, "तू कुठली?"

"गोदाकाठची. अंबडच्या तिकडची."

"मंग तुझ्याकडं बी रेत असंल."

"हाय, पण नदीची. उन्हाळ्यात नदी आटली की आम्ही वाळूत झिरा करतो." झिरा म्हणजे वाळूत हाताने केलेला खड्डा, बसून राहिलं की त्यात पाणी झिरपतं.

माजींचा चेहरा माझ्याकडे वळला. "पाणी कशानं काढता?"

"वाटीनं. भांडं बुडत न्हाई. एक वाटी काढायची, मंग थांबायचं."

"थांबायचं," माजी म्हणाल्या. "आमची बेरी तशीच." आणि त्या बोलू लागल्या. बेरी म्हणजे वाळूतली अरुंद विहीर. पाऊस कधी तरी पडतो, तो वाळू पिऊन टाकते, आणि खाली कुठेतरी धरून ठेवते. बेरीत ते थेंब-थेंब उतरतं. त्यांच्या घरची बेरी गावाबाहेर होती. पोरी काठावर बसून पाणी जमायची वाट पाहायच्या, गाणी म्हणायच्या, भांडायच्या. मी आयुष्यात कुणा परक्याशी एवढं बोलले नव्हते. आम्ही दोघीच होतो असं वाटत होतं.

मग माजींनी ऑर्डर दिली, पेढीवर देतात तशी. "ही बांगडी घेऊन जा. एवढंच गोल कर. एका पानावर एक. आधी गावाच्या कडेची खेजडी." खेजडी म्हणजे आपली शमी. "मंग डाव्या हाताला टेकाड. मंग बाभळीचं कुंपण. मंग उतार. अन् मंग बेरी. घर नको दाखवू, घर पडलं असंल. मला बेरीपर्यंत ने. तिथं पोहोचले की मंग डोळे गेले तरी चालतील."

 रिक्षा दुकानाजवळ आल्यावर ताई म्हणाल्या, "सुमन, बेरी नाहीये."

फोटो काढायला गेल्या तेव्हाच त्यांनी माजींच्या माहेरच्या घराची आणि बेरीची गावात चौकशी केली होती. नळयोजना आल्यापासून बेऱ्या कुणी उपसत नाही. एका म्हाताऱ्याने जागा दाखवली. तिथं वाळूच होती, सपाट, सगळीकडे असते तशी. ताईंनी तिचाही फोटो घेतला होता, पण त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

शेठजींना हे फोनवर सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी दुकानात आले. "तुमच्याकडं दुसऱ्या गावची बेरी असेल ना?"

"आहे," ताई म्हणाल्या.

"मंग ती लावा."

"ती यांची नाही."

"ताई, बिलकुल बराबर हाय तुमचं. पण आईला बांगडीएवढं दिसतं. बेरी दिसली म्हणजे झालं. तिनं कुणाचं काय घोडं मारलंय, की शेवटी तिला मोकळी रेत दाखवायची?"  तो माणूस वाईट नव्हता. आईला तहानलेलं परत पाठवायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

कामाला लागलो. माजींची बांगडी कागदावर ठेवून मी पेन्सिलने गोल आखले. आधी घेतलेल्या फोटोंतून त्या मापाचे तुकडे ताईंनी काढून दिले. छापल्यावर निळे आले. माजींना पुन्हा पाणी दिसू नये म्हणून आता त्यांना वाळूचा रंग द्यायचा होता. त्याची रीत अशी, की निळा कागद धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात घालायचा. निळं उडून फिकट पिवळसर डाग उरतो. मग धुऊन तो बिनदुधाच्या कडक चहात बुडवून ठेवायचा. हळूहळू तपकिरी चढतो, भाजलेल्या ज्वारीसारखा. मी मोठ्या पातेल्यात चहा उकळायची. काका म्हणायचे, "एखाद्या पाहुण्यानं चहा मागितला तर काय सांगावं? फोटोला गेला?"

पण रंग चढताना काकाही वर यायचे आणि कठड्याला टेकून उभे राहायचे. खेजडी तपकिरी झाली, टेकाड तपकिरी झालं. बांगडीएवढ्या गोलात आख्खं टेकाड मावत होतं आणि तरी मोठं दिसत होतं. खिडकी लहान केली की बाहेरचं मोठं होतं की काय, कोण जाणे. मी एकेक गोल उचलून डोळ्याजवळ न्यायची आणि मला पायाखाली चटका बसल्यासारखं व्हायचं.

शेवटच्या पानाचे ताईंनी दोन कागद दिले. एकात दुसऱ्या गावची बेरी. सुरेख होती, तोंडावर लाकडाच्या ओंडक्यांची चौकट, दोर घासून पडलेल्या खाचा, बाजूला एक उपडी बादली. दुसऱ्यात नुसती वाळू.

"मला ठरवता येत नाही," ताई म्हणाल्या. "शिवणार तू आहेस." आणि खाली निघून गेल्या.

मी दोन्ही कागद घेऊन चहाच्या ट्रेपाशी बसले. दोन्ही अजून निळेच होते. आई आठवली. गोदावरीला पूर येऊन गेला की आदल्या साली केलेला झिरा कुठं असतो? नसतोच. पण आमच्या गावात कुठली बाई झिरा हरवला म्हणून रडताना मी पाहिली नाही. आई चैतात नदीत उतरायची, अनवाणी थोडी इकडे-तिकडे फिरायची आणि म्हणायची, इथं खोद. खाली पाणी आहे हे तिला दिसायचं नाही. तिला ते माहीत असायचं. वर दिसायची ती नुसती वाळूच.

बेरीचा तो सुंदर कागद मी लिफाफ्यात परत घातला.

मग वाळूचा कागद हातात घेतला. सोडा तयार होता, चहा तयार होता. बांगडीएवढ्या गोलात वाऱ्याच्या बारीक वळ्या, निळ्याशार, एकामागे एक. माजी पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, हे तर पाणी हाय, ते मला आठवलं. मी तो कागद सोड्यात घातला नाही. चहातही नाही. दोरीवर टांगला आणि तपकिरी कागदांच्या ओळीत तो एकटा निळा वाळत राहिला.

संध्याकाळी ताई वर आल्या. ओळ पाहत पाहत शेवटपर्यंत गेल्या. तिथे थांबून म्हणाल्या, "शेठजी रागावतील."

"हो."

"माजींना आवडलं नाही तर?"

 मी विचारलं, "दोरा पांढराच घेऊ ना?"

ताई म्हणाल्या, "पांढराच घे."

लाल कापडात, बहीसारखंच, वर उघडणारं पुस्तक शिवलं. शेठजींच्या घरी जाऊन ते माजींच्या हातात दिलं. माजींनी ते मांडीवर घेऊन आधी नुसतं चाचपलं. "ही तर बही हाय. माझ्या सासऱ्याच्या गादीवर असायची." त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं. पानं उलटायचं काम माझ्याकडे आलं. शेठजी समोर, सून पाठीशी, ताई दाराजवळ.

पहिलं पान उघडलं. माजींनी ते नाकाजवळ नेलं, थोडं लांब केलं, पुन्हा जवळ आणलं. त्यांची नजर त्या गोलात बराबर बसली. काठ कुठेच शिल्लक राहिला नाही.

"खेजडी," त्या म्हणाल्या.

आणि त्यांचा हात वर गेला आणि त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला. खांद्यावर टाकून दिला. पांढरे पातळ केस, मधोमध भांग. सुनेने लगबगीने पदर उचलून परत डोक्यावर घ्यायला हात पुढे केला, तसा माजींनी तिचा हात धरून बाजूला केला.

"राहू दे. पीहरात कोण डोकं झाकतं?"

शेठजी आपल्या आईकडे पाहत राहिले. मला वाटतं, त्यांनी तिला असं कधी पाहिलंच नव्हतं.

टेकाड आलं. कुंपण आलं. प्रत्येक पानाला माजी थांबत, चालून दमल्यासारख्या, आणि मग बोटाने खूण करत, पुढे. उताराच्या पानावर त्या स्वतःशी हसल्या. तिथे कुणी पडलं होतं की कुणाला पाडलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मग एकच पान उरलं. मला ते उलटवेना. त्यांनीच माझ्या हाताखालून बोट घालून उलटलं.

निळं.

 खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. माजींनी पान जवळ नेलं, लांब केलं, पुन्हा जवळ आणलं.

"बेरी बुजली," त्या म्हणाल्या. "हो ना ग?"

शेठजी घाईने म्हणाले, "न्हाई माँ, ते काय झालं..."

"हो माजी," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं असावं, कारण दारातून ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "वाळूखाली हाय."

माजींनी मान हलवली. मग एक बोट त्या गोलाच्या मधोमध टेकवलं आणि ते उचलून आधी एका डोळ्याला लावलं, मग दुसऱ्याला. जो गेला होता त्यालाही.

शेठजींनी वाकून पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे एक पान रंगवायचं राहिलं वाटतं," ते म्हणाले आणि पानाकडे हात नेला.

"हात लावू नको बेटा," माजी म्हणाल्या. "ओलं हाय अजून."

तो कागद मीच वाळवला होता, मीच दाबाखाली ठेवला होता, शिवलाही मीच.  शेठजींनी हात मागे घेतला.